मार्चपर्यंतचे गव्हर्नर

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकही काम दुसऱ्या दिवसावर टाकलेलं नाही. हे वाचून ज्या बायकांना माझा हेवा वाटेल, त्यांनी आठ दिवस आमच्याकडे येऊन राहावं. वाण्याची यादी असो, विजेचं बिल असो, कुणाला पाठवायचं पत्र असो, विजयकुमार सबनीसांच्या हातात आलं की तासाभरात त्याचा निकाल लागलाच. माझे मामा आजारी पडले तेव्हा मामींना पाठवायचं सांत्वनाचं पत्र ह्यांनी मामा हयात असतानाच लिहून ठेवलं होतं. फक्त तारीख घालायची राहिली होती. मामा पुढे अकरा वर्षं जगले आणि ते पत्र अकरा वर्षं आमच्या कपाटात होतं.

बोलताना मी त्यांना 'अहो' म्हणते, पण सबंध गोष्टभर 'अहो, अहो' करत बसले तर तुम्हीच वैतागाल. म्हणून इथे विजयकुमारच म्हणते. तर विजयकुमार चिंचवडचे. शॉर्टहँडची परीक्षा मिनिटाला एकशेवीस शब्दांनी पास, पिंपरीच्या कारखान्यात नऊ वर्षं स्टेनो, आणि एकोणनव्वद साली दुबई. तिथे ह्यांनी लेबनीज साहेब पाहिले, सिंधी पाहिले, एक आयरिश पाहिला. साहेब बदलले, ह्यांचे नियम बदलले नाहीत. दिवसभरात टिपून घेतलेलं त्याच दिवशी टाइप करायचं. साहेबाच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही. आणि साहेबाला प्रश्न विचारायचा नाही. या तीन नियमांवर आमचा संसार शारजात अल मजाजच्या दोन खोल्यांत व्यवस्थित चालला होता, हे मी नाकारत नाही.

दोन हजार सातमध्ये ह्यांच्या कंपनीने समुद्रात भर टाकून बंगले विकायला काढले. अजून तिथे समुद्रच होता, पण पुस्तिका छापून तयार. त्या पुस्तिकेवर फोटो घालायला मालकाने इंग्लंडहून एक खराखुरा लॉर्ड आणला. लॉर्ड थॉर्नबी, वय पंच्याऐंशी, साम्राज्य होतं तेव्हाचे निवृत्त गव्हर्नर. बंगल्यांच्या वसाहतीचं नावही गव्हर्नरांवरून ठेवलं आणि त्या लॉर्डनाच केलं कंपनीचे मानद चेअरमन. काम काय, तर गिऱ्हाइकांशी हात मिळवायचा. मालकाच्या हुशारीची कमाल अशी की, या इंग्रज लॉर्डला राहायला फ्लॅट दिला तो दारूबंदी असलेल्या शारजात, आमच्याच खालिद लगूनच्या, म्हणजे खाडीच्या, काठावर. म्हातारा रोज संध्याकाळी टाय लावून डाळिंबाचा रस प्यायचा.

मग जगभर बँका बुडाल्या तो दोन हजार आठचा सप्टेंबर आला. दिवाळीपर्यंत साठ माणसांच्या ऑफिसात तीन उरली. मालक तब्येतीचं कारण सांगून परदेशी गेला तो गेलाच. एचआरचा विन्स्टन, वसईचा भला माणूस, जाताजाता विजयकुमारांना समोर बसवून म्हणाला, "सबनीस, बाकी सब खलास. तुमचा व्हिसा आता फक्त लॉर्डसाहेबांच्या बुकवर आहे. त्यांचा सन लंडनवरून सॅलरी देतोय. बुक चालू तोपर्यंत व्हिसा चालू. बुक ओव्हर, तुम्ही पण ओव्हर."

हे पुस्तक म्हणजे लॉर्डसाहेबांचं आत्मचरित्र. त्यांच्या मुलाला, एडमंडला, ते छापायचं होतं. वडील सांगणार, विजयकुमार शॉर्टहँडमध्ये घेणार, टाइप करणार, आणि दर गुरुवारी तयार पानं रजिस्टर पोस्टाने लंडनला जाणार. म्हाताऱ्याचा ईमेलवर विश्वास नव्हता.

आमची ओवी तेव्हा बारावीला होती. परीक्षा मार्चमध्ये. शाळेने नाव बोर्डाकडे कधीच पाठवलेलं, केंद्र इथलं. मध्येच व्हिसा गेला तर महिन्याभरात गाशा गुंडाळून चिंचवडला जायचं आणि पोरीचं वर्ष बुडवायचं. माझी शाळेतल्या लायब्ररीतली नोकरी होती, पण मी ह्यांच्या व्हिसावर आणि ओवीही ह्यांच्या व्हिसावर. म्हणजे आम्ही तिघं एका गव्हर्नराच्या जन्मकथेवर तरंगत होतो. ती मार्चअखेरपर्यंत पुरायला हवी होती. यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा.

पण विजयकुमारांच्या हातात काम आलेलं ना! तीन आठवड्यांत लॉर्डसाहेबांचा जन्म झाला, शाळा झाली, कॉलेज झालं. ज्या महायुद्धाला सहा वर्षं लागली ते ह्यांनी चार दिवसांत टाइप करून मोकळं केलं. मी रोज घरात पाऊल टाकल्यावर आधी विचारायची, आज कुठवर आले? एक दिवस म्हणाले, आफ्रिकेत पोचले. मी विचारलं, अजून किती देश उरलेत? तर म्हणाले, दोन, मग निवृत्ती. नोव्हेंबर चालू होता हो! मी फ्रिजवर ओवीच्या वेळापत्रकाशेजारी लॉर्डसाहेबांच्या बदल्यांचा तक्ता लावला. ओवी म्हणाली, "ममा, दॅट्स सो क्रीपी."

मी ह्यांना परोपरीने सांगितलं. जरा हळू घ्या. एखादं पान परत टाइप करा, दोनतीन चुका घाला, त्या दुरुस्त करायला आठवडा जाईल. त्यावर मी त्यांना बँक लुटायला सांगितल्यासारखं तोंड करून म्हणाले, "मुद्दाम चूक?" त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत त्यांनी आफ्रिका संपवली.

शेवटी मीच ती टाइप केलेली पानं वाचायला घेतली. आत्मचरित्र म्हणून सांगायचं तर कंटाळवाणं. घोडे, मेजवान्या, कुणाच्या शेजारी कोण बसलं. पण लायब्ररीत राहून मला तारखा बघायची सवय आहे. अठ्ठावन्नमध्ये लॉर्डसाहेब सेरानी नावाच्या बेटावर गव्हर्नर म्हणून गेले, बोटीतून उतरले, सलामी घेतली. पुढचं प्रकरण सुरू होतं साठ साली, दुसऱ्याच देशात. मधली दोन वर्षं गायब. मला घबाडच सापडलं. माझ्या हिशोबाने ती दोन वर्षं म्हणजे आपला सबंध जानेवारी.

विजयकुमारांना म्हटलं, विचारा की त्यांना. ते म्हणाले, मी विचारत नसतो. तेव्हा बेसनाचे लाडू घेऊन मीच गेले. म्हाताऱ्याने उभं राहून माझं स्वागत केलं, लाडू बशीत घेऊन सुरीने कापला, छान आहे म्हणाला. मी माझ्या इंग्रजीत विचारलं, सर, सेरानीत दोन वर्षं तुम्ही काय केलंत? त्याने बशी खाली ठेवली. म्हणाला, विशेष काही नाही, हवा वाईट होती. मी म्हटलं, सर, लोकांना हवेबद्दल वाचायलाही आवडतं. तो उठून दार उघडायला गेला, आणि मी लाडवांचा डबा तिथेच सोडून आले.

पुढच्याच आठवड्यात विजयकुमार आयुष्यात पहिल्यांदा कामावर दोन तास उशिरा गेले. कंपनीचे बांधकाम कामगार दुबईतल्या मुहैस्नाहच्या कॅम्पात अडकून होते. पगार थांबला होताच, आता पाण्याचा टँकरही येईनासा झाला. त्यांच्यातल्या एकाने ह्यांना अर्ज लिहून द्यायला बोलावलं, आणि हे अर्ज टाइप करून, तो लेबर ऑफिसात देऊन, मग लॉर्डसाहेबांकडे पोचले. म्हाताऱ्याने उशिराचं कारण विचारलं, ह्यांनी सांगितलं. किती माणसं आहेत, किती दिवस पाणी नाही, असं त्याने दोनदा विचारलं. आपण स्वतः त्या कंपनीचे चेअरमन आहोत हे त्याला तेव्हाच आठवलं असावं. त्या दिवशी त्याने काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सेरानी सांगायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत थांबला नाही.

ते टिपलेलं घेऊन विजयकुमार घरी आले आणि टाइप न करता जेवायला बसले. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी मनातून खूश. म्हटलं, चला, पन्नाशीला का होईना, माणूस रेंगाळायला शिकला. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि वहीतून ते सगळं वाचून दाखवलं.

सेरानीत बंदराला लागून गोदी कामगारांची वस्ती होती. नवा धक्का बांधायला ती हलवायची होती, पलीकडच्या मिठागराच्या जमिनीवर, भर उन्हाळ्यात. ऑफिसातल्या एका कारकुनाने फाइलवर टिपण लिहिलं की, तिथे पाण्याची सोय झालेली नाही, टाक्या येईपर्यंत तीन आठवडे थांबावं. पण कोनशिलेला लंडनहून मंत्री येणार होते आणि त्यांची तारीख ठरली होती. गव्हर्नरसाहेबांनी टिपणाखाली 'पाहिलं' असं लिहून सही केली. सहाशे कुटुंबं हलवली. एकेचाळीस माणसं मेली, त्यातली सव्वीस मुलं. चौकशीत 'ताप' असं कारण नोंदवलं गेलं, ते टिपण फाइलमधून गायब झालं आणि कारकुनाची नोकरी गेली. कारकुनाचं नाव मोहिद्दीन. लॉर्डसाहेबांनी ते स्पेलिंगसकट सांगितलं होतं. त्याच महिन्यात गव्हर्नराच्या बंगल्यात एडमंडचा जन्म झाला.

लॉर्डसाहेबांचं म्हणणं होतं की, ही पानं बाकीच्या पानांत न घालता वेगळ्या लिफाफ्यात, एकट्या एडमंडच्या नावाने जावीत. पुस्तकात घालायची की नाही ते त्याने ठरवावं. पण त्याला कळलं पाहिजे.

ऐकून मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटणाऱ्या बाईला बारावीतली मुलगीही असते. मी विचारलं, हे वाचल्यावर तो मुलगा पुस्तक चालू ठेवील? विजयकुमार म्हणाले, "नाही ठेवणार. वडिलांचं कौतुक छापायला निघालाय तो." मी म्हटलं, मग मार्च होऊ दे, एप्रिलमध्ये पाठवा. त्यांनी वही मिटली. "छाया, त्यांनी पन्नास वर्षांनी तोंड उघडलंय. मी कोण थांबवणार?" मी ओवीचं नाव काढलं, वर्ष काढलं, आजवर त्यांच्या नियमांपायी सोसलेलं सगळं काढलं. ते उठले आणि टाइप करायला बसले. चौदा पानं. असा राग आला होता मला त्या टाइपिंगच्या आवाजाचा!

गुरुवारची पाकिटं पोस्टात टाकायचं काम माझं, कारण पोस्ट ऑफिस माझ्या शाळेच्या वाटेवर. त्या गुरुवारी दोन लिफाफे होते. खिडकीवर मी एकच दिला. एकतीस दिरहॅम, म्हणजे चारशे रुपये, ते एकाचेच भरले. दुसरा पर्समध्ये परत गेला आणि घरी ओवीच्या जुन्या युनिफॉर्मांखाली. मी काही तो फाडणार नव्हते. परीक्षा संपली की स्वतः पोस्टात टाकीन असं ठरवलं होतं. पन्नास वर्षं थांबलेली गोष्ट, अजून तीन महिन्यांनी तिचं काय बिघडणार होतं?

संध्याकाळी विजयकुमारांनी नेहमीप्रमाणे पावत्यांसाठी हात पुढे केला. मी एक दिली. "दुसरी?" म्हणाले. मी म्हटलं, हरवली. बावीस वर्षांच्या संसारात मी एक पावती हरवलेली नव्हती, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.  त्यांनी एकच पावती फाइलला लावली आणि फाइल मिटली. मी त्यांच्यावर चिडायला तयार होऊन बसले होते. ते भांडले असते तर मी दिलाही असता लिफाफा. पण हा माणूस, ज्याने उभ्या जन्मात काही प्रलंबित ठेवलं नाही, त्याने नेमकं हे ठेवलं. अजूनही मला समजत नाही, मी जास्त कुणावर वैतागू, माझ्यावर की त्यांच्यावर.

त्यानंतर दर गुरुवारी मी पाकीट न्यायला गेले की म्हातारा विचारायचा, एडमंडचं काही पत्र? मी सांगायची, नाही सर. खरंच सांगत होते, त्यात खोटं काही नव्हतं. एडमंड दर रविवारी फोन करायचा, लंडनमधल्या बर्फाबद्दल बोलायचा, वडिलांच्या गुडघ्याची चौकशी करायचा. म्हातारा फोन ठेवल्यावर बराच वेळ हात तसाच फोनवर ठेवून बसायचा. फेब्रुवारीत तो विजयकुमारांना म्हणाला, "ही हॅज रेड इट, मिस्टर सबनीस. ही हॅज डिसायडेड नॉट टू नो मी." विजयकुमारांनी ते मला जेवताना जसंच्या तसं सांगितलं आणि भाताकडे बघत म्हणाले, आमटी वाढ.

मी आमटी वाढली. सांगायचं तर काय सांगणार? म्हाताऱ्याला कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी दुसरी प्रत पाठवायला लावली असती. ओवीच्या पहिल्या पेपरची, मार्चची दोन तारीख जवळ आली होती. आणि जे मी डिसेंबरपासून देवाकडे मागत होते ते आपोआप होत होतं. म्हाताऱ्याचं सांगणं मंदावलं. सकाळी अर्धं पान, कधी तेवढंही नाही. नावं विसरायचा, मध्येच थांबायचा. तो खंगत गेला आणि पुस्तक लांबत गेलं. आम्ही फेब्रुवारी ओलांडला, परीक्षा सुरू झाली, फिजिक्स झालं, मॅथ्स झालं. फ्रिजवरच्या तक्त्यात लॉर्डसाहेब अजून शेवटच्या देशातच होते. माझा हिशोब बरोबर आला होता आणि मला रात्री झोप येत नव्हती.

मार्चअखेर ओवीचा शेवटचा पेपर झाला. त्याच दुपारी मी युनिफॉर्मांखालचा लिफाफा काढला आणि पोस्टात न जाता सरळ लॉर्डसाहेबांकडे गेले. आधी त्यांना सांगायला हवं, एवढं तरी मला कळत होतं. विजयकुमार समोरच्या खुर्चीत वही घेऊन बसले होते. मी लिफाफा टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं की, हे गेलंच नाही, मीच पाठवलं नाही, माझ्या मुलीची परीक्षा होती. ते मला हाकलतील, पोलिसांत देतील, निदान ओरडतील, या सगळ्याची तयारी मी जिना चढताना केली होती.

लॉर्डसाहेबांनी लिफाफा उलटसुलट करून पाहिला. चिकटवलेली कड बोटाने तपासली. "देन एडमंड हॅज नॉट रेड इट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नो सर. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाच्या चेहऱ्यावर रंग आला. खांदे सैल झाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो खुर्चीला नीट टेकून बसला.

मी म्हटलं, सर, मी आत्ता जाते, पोस्ट सहापर्यंत उघडं असतं, पैसे माझे. त्यांनी हात वर केला. "नो, नो. लेट इट बी." टेबलाचा खण उघडून लिफाफा आत सरकवला आणि किल्ली फिरवून ती कोटाच्या खिशात टाकली. मग उभे राहिले, जसे मी पहिल्यांदा गेले तेव्हा राहिले होते, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "थँक यू, मिसेस सबनीस. थँक यू." मनापासून म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे.

मी आणि विजयकुमार बरोबरच घरी परतलो. लिफ्टमध्ये मीच म्हटलं, उद्या तुम्ही सांगून बघा ना, तुमचं ऐकतील. ते म्हणाले, "मी सांगणार नाही. आणि ते आता पाठवणारही नाहीत. त्यांना ते एकदाच जमणार होतं, छाया."

ओवीला बाहेर जेवायला न्यायचं कबूल केलं होतं, म्हणून लगूनकाठच्या कॉर्निश रस्त्यावरच्या हॉटेलात गेलो. तिने तिच्या आवडीचं सगळं मागवलं. आम्ही दोघं ताटात हात घालून बसलो होतो. तिने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "व्हाय आर यू बोथ सो क्वायट? इट्स ओव्हर ना, ममा?"

मी म्हटलं, हो बाळा, संपलं.